पुढं काय झालं, अक्का?

यंदाची सुगी मला आधी एका पोस्टरखाली दिसली. हसा खुशाल. बेळगावात आमच्या घराजवळच्या चौकात एका टीव्ही वाहिनीचं भलंमोठं पोस्टर लागलं होतं, आणि बरोबर त्याच्या खाली भाताच्या पेंढ्यानं भरलेला टेम्पो सिग्नलला थांबला होता. नव्या पेंढ्याचा तो गोडसर, किंचित ओला वास नाकात शिरला आणि मी भाजीची पिशवी हातात धरून मध्येच उभी राहिले. वर बघितलं तर पोस्टरवर तिघं होते. थोरला, मधला आणि धाकटा. तिघं एकत्र, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. आईशप्पथ सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सोबत माझी मुलगी मुक्ता होती. सहावीत आहे, म्हणजे आईची लाज वाटायला नुकतीच सुरुवात झालेली.

"आई, तू कार्टूनच्या पोस्टरसमोर रडतेस?"

"पेंढ्याचं कुसळ गेलं डोळ्यात."

"टेम्पो गेला पण."

"जाता जाता टाकून गेला. चल."

त्या उडणाऱ्या वीराची कार्टून मालिका इतकी वर्षं चालली आहे, की ती बघत मोठी झालेली माणसं आता आपल्या पोरांना टीव्ही बंद कर म्हणून दटावतात. दर काही वर्षांनी ती नव्यानं काढली जायची. चित्रं वेगळी, कपडे वेगळे, शत्रू वेगळे. आता त्या सगळ्याचा सोहळा म्हणून एक सिनेमा काढला होता, त्यात आजवरचे सगळे अवतार एकाच गोष्टीत येऊन एकमेकांना भेटतात. थिएटरात तो येऊन गेला तेव्हा मला पत्ताही नव्हता. येत्या रविवारी दुपारी तो टीव्हीवर दाखवणार होते. रिक्षात बसल्यावर मुक्तानं मला हे सगळं नीट समजावून सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला समजावतात तसं.

"म्हणजे बघ आई, ही वेगवेगळी विश्वं आहेत. हीरो एकच आहे, पण प्रत्येक विश्वात तो वेगळा दिसतो."

"जा गं," मी म्हटलं. "ते सख्खे भाऊ आहेत."

"कुणी सांगितलं तुला?"

"शेवंताक्कानं."

त्या दिवसांत शेवंताक्काचं नाव निघालं की आमच्या घरात सगळेच थोडे गप्प होत असत. का ते सांगते. पण त्याआधी तिचा आवाज सांगायला हवा.

आमचा गाव जोयडा तालुक्यात, बाजारकुणंगच्याही पलीकडे. घरं थोडी आणि झाडं फार. भात पिवळं पडायला लागलं की शिवारात माळे उभे राहायचे. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली मचाण, वर गवताचं छप्पर, चढायला बांबूची शिडी. दिवसा पोपट उतरायचे, उन्हं कलली की डुकरं आणि गवे रानातून डोकं काढायचे. मोठी माणसं खालच्या शेतात कापणीला गेलेली असायची, म्हणून दुपारपासून दिवेलागणीपर्यंत माळे आम्हा पोरांच्या ताब्यात. काम एकच, ओरडायचं. डबा बडवायचा, चिरलेला बांबू खांबावर आपटायचा आणि ओरडायचं. एका माळ्यावरून हाळी निघाली की दुसऱ्यानं ती उचलायची, दुसऱ्याची तिसऱ्यानं, अशी ती रानाच्या कडेपर्यंत न्यायची. हाळी मध्येच पडू द्यायची नाही, हा नियम. ज्याच्यापाशी पडली त्याला झोप लागली असं समजून घरचं कुणीतरी काठी घेऊन यायचं, आणि ती काठी नुसती दाखवायला आणलेली नसायची.

या नियमानं मला आयुष्यात जितकं शिकवलं तितकं पुढच्या कुठल्याही शाळेनं शिकवलं नाही. आपल्यापाशी आलेली हाक पुढं द्यायची. आपल्याला तिचा अर्थ कळला की नाही, हा प्रश्न नंतरचा.

गावात टीव्ही एकच, परसूमामांचा. मामा कॅसलरॉकला रेल्वेत रुळांवर काम करायचे. निवृत्त झाले तेव्हा घरी परतताना लोकांनी ट्रंक आणली असती, यांनी टीव्ही आणला. लोंढ्याहून गाडीत मांडीवर, मग बसमध्ये मांडीवर, आणि शेवटी रानातल्या वाटेनं डोक्यावर. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. "बोलायला कुणीतरी पायजे की घरात," म्हणायचे. त्या टीव्हीवर ते कार्टून लागायचं नेमकं उन्हं कलायच्या वेळेला. डुकरांचं आणि त्या कार्टूनवाल्यांचं काय साटंलोटं होतं देव जाणे, दोघं एकदमच यायचे. सगळी पोरं माळ्यांवर अडकलेली आणि गावातला एकुलता एक टीव्ही त्या वेळी भिंतींना गोष्ट सांगतोय. असा अन्याय!

वाचलो ते शेवंताक्कामुळं. शेवंता माझी चुलत बहीण, माझ्याहून थोडी मोठी. लहानपणी ताप येऊन तिचा एक पाय बारीक राहिला होता. शिडी चढता यायची नाही, म्हणून माळ्याऐवजी तिच्याकडं परसूमामांच्या अंगणातलं वाळत घातलेलं भात राखायचं काम. ओट्यावर बसायचं, कोंबड्या आल्या की हाकलायच्या. आणि ओट्यावरची खिडकी थेट टीव्हीच्या तोंडावर! मामांचं घर जरा उंचावर, खाली उतारावर शिवार. पहिला माळा माझा. तिथून अक्का दिसायचीही आणि ऐकू तर यायचीच. तिचा आवाज असा, की ती अंगणात कोंबडीवर ओरडली की आमच्या शेतातले पोपट उडून जायचे. अतिशयोक्ती नाही करत. माझा काका म्हणायचा, "ह्या पोरीला ओट्यावर बशिवली तर माळा बांधायची गरजच न्हाई."

कार्टून लागलं की मी माळ्यावरून विचारायचे, "अक्काऽऽ, काय झालं गे?"

"थोरला आलाय की! लाल कांबळी घेऊन!"

मी वळून पुढच्या माळ्याला, "थोरला आलाय रेऽऽ, लाल कांबळी घेऊन!" पुढच्या माळ्यावर नाग्या. माझ्याच वयाचा, वर्गात सगळ्यात हळू वाचणारा आणि शिवारात सगळ्यात जोरात ओरडणारा. तो पुढं द्यायचा, त्याच्या पुढचा त्याच्या पुढं. अशी ती गोष्ट शिवारभर फिरायची आणि फिरता फिरता बदलायची. शहरातली उंच इमारत अक्काच्या तोंडून निघताना 'लई उंच घर' असायची, माझ्याकडून जाताना 'सुप्याच्या धरणाच्या भिंतीएवढं घर' व्हायची, आणि रानाच्या कडेला पोचेपर्यंत त्या घराखाली नदी वाहायला लागलेली असायची. एकदा लोखंडी राक्षस निघाला होता तो शेवटच्या माळ्यावर गवा होऊन पोचला. तिकडच्या पोरांनी खाली उतरून खरोखरच डबे बडवले. त्या दिवशी त्यांचं भात चांगलं राखलं गेलं एवढं खरं.

आता ती कांबळी. त्या वीराच्या पाठीवर उडणारं कापड म्हणजे कांबळीच, याबद्दल आमच्यात कुणाला शंकाच नव्हती. पावसात शेतात जाताना आमचे बाप अगदी तसंच काहीतरी डोक्यावरून पाठीवर सोडायचे. नाग्याला फक्त एवढंच कळत नसे, की सुगीच्या दिवसांत, आभाळ कोरडं असताना, हा माणूस कांबळी घेऊन का हिंडतोय. "भिजल्यालं कांबळं वाळवाय उडत असंल," असा त्यानंच निकाल लावला.

आणि ते तिघं भाऊ. मुक्ता काही म्हणो, ती चूक माझ्या गावाशिवाय दुसरीकडं कुठं होणं शक्य नव्हतं. वाहिनीवाले जुनी मालिका आणि नवी मालिका उलटसुलट दाखवायचे. आज जाडजूड, गोल चेहऱ्याचा वीर. उद्या सडपातळ, टोकदार हनुवटीचा. परवा आणखी तिसराच, हाताला यंत्रं लावलेला. नाव एकच. शहरातली पोरं काय समजली असतील ते समजोत. आमच्या अक्कानं एकच दिवस विचार केला आणि सांगून टाकलं, "एका घरचे हाईत. थोरला, मधला, धाकटा."

"मग एकदम का दिसत न्हाईत?" नाग्यानं विचारलं. सवाल माझ्या माळ्यावरून वर गेला.

उत्तर खाली आलं. "तुझे काका, बाबा एकदम घरात दिसतेत काय? एक रेल्वेत, एक गोव्यात कामाला, एक गुरांमागं. तसंच की हे."

बरोबरच होतं. आमच्याकडं सगळे भाऊ एकत्र घरात दिसतात ते सुगी सरल्यावर, नव्या तांदळाचा भात शिजतो त्या दिवशी. एरवी कुणाचं तरी ताट पालथंच असतं. त्या वीराच्या घरीही एक आई असणार आणि ती वाट बघत असणार, हे कार्टूनमध्ये कधीही दाखवलं नसताना आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. अक्का अधूनमधून तिची खबर द्यायची. आज आईनं तिघांची ताटं मांडली. आज आईनं दोन उचलून ठेवली. हे ऐकताना नाग्या माळ्यावर हातातला डबा खाली ठेवायचा. त्याचा बाप गोव्याला गेला होता आणि त्या वर्षी परतलाच नव्हता. मग खाली अंधारायला लागलं की तो विचारायचा, "अक्का, तिघं एकदम कधी यायचेत घरला?"

"सुगी सरू दे. येतेत."

सुगी सरायची. कुणी यायचं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तोच सवाल आणि तेच उत्तर. आणि काय सांगू, आम्ही पुन्हा विश्वास ठेवायचो.

विजेचं तर विचारूच नका. सुप्याच्या धरणावर वीज होते, तिच्या तारा आमच्या डोंगरांवरून जातात. आम्ही माळ्यावर बसून त्या तारांकडं बघायचो. वीज जायची दुसरीकडं आणि आमच्याकडची जायची ती निव्वळ जायची. ऐन मारामारीत टीव्ही गुप्प! पण हाळी पडू द्यायची नाही, हा नियम ओट्यावरच्या अक्कालाही होता. तिनं कधी 'लाईट गेली' असं सांगितलंच नाही. एक श्वास घ्यायची आणि पुढं सुरू. "मग थोरल्यानं काय केलं म्हायताय?" मला माळ्यावरून परसूमामांच्या खिडकीतला निळा उजेड विझलेला स्वच्छ दिसायचा. नाग्यालाही दिसायचा. आम्ही कधी एकमेकांत बोललो नाही. खरं सांगायचं तर वीज गेल्यावरचं कार्टून जास्त चांगलं असायचं. त्यात आई असायची, म्हशी असायच्या, राक्षसाला शेवटी जेवायला वाढलेलं असायचं.

मोठं होणं म्हणजे काय, तर एक दिवस माळ्यावर बसायची पाळी धाकट्यांवर जाते. मी शिकायला बेळगावला आले ती तिथलीच झाले. नाग्या शेतीच करतो. परसूमामांचं म्हातारपण अक्कानं काढलं, औषधपाणी, अंथरूण, सगळं. जाताना मामा घर तिच्या नावावर करून गेले. त्याच ओट्यावर तिनं शिलाई मशीन मांडलं. गावातल्या झाडून सगळ्या पोरींचे झगे तिथं शिवले जातात आणि गावातल्या झाडून सगळ्या पोरांना तिथं गोष्टी मिळतात. मी सुट्टीला गेले की लांबूनच तिचा आवाज ऐकायचे, "आली गे बेळगावची म्हाराणी!" तो ऐकला की घरी आल्यासारखं वाटायचं. त्याआधी नाही.

तर हा आवाज गेला.

गळ्याला गाठ होती, बरीच वर्षं. ती वाढली. बेळगावला आणून ऑपरेशन केलं, मीच दवाखान्यात राहिले. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. डॉक्टरांनी सांगितलं, "आवाज येईल, पण पहिल्यासारखा नसेल. रोज थोडं थोडं बोलायचं. गप्प राहिलात तर आहे तोही बसेल." अक्कानं मान हलवली. घरी गेली. पहिल्याच सकाळी गोठ्यात जाऊन तिनं गाईला हाक मारली. रोज त्या हाकेला मान वळवून हंबरणारी गाय चारा खात राहिली. अक्कानं पुन्हा हाक मारली. गाईनं कान हलवला, पण माशी हाकलायला. तेव्हापासून अक्का बोललीच नाही. हातानं खुणा करायची, टाळी वाजवायची, मशीनच्या लाकडावर टकटक करायची.

हे सगळं मला नाग्यानं सांगितलं. आमच्याकडं मोबाईलला टॉवर मिळत नाही, तो टेकडी चढून वर गेला आणि तिथून धापा टाकत बोलला. "अक्का बोलंना झालीया गे. पोरं वट्ट्यावर येऊन बसतेत आन् तशीच उठून जातेत. तू ये की एकदा."

"तू काय केलंस?"

"मी काय करू? मला तर तिच्याम्होरं जाऊन बसवंना. गाव गप्प झाल्यागत वाटालंय."

म्हणून पोस्टर बघितलं आणि मी ठरवलं. रविवारी तो सिनेमा परसूमामांच्या घरातच बघायचा. अक्कानं इतकी वर्षं वायदा केला होता, तिघं येणार म्हणून. ते येत होते. ते येत असताना ती ओट्यावर मुकी बसून राहणार, हे मला सहन होणार नव्हतं.

शनिवारी मुक्ताला घेऊन निघाले. रामनगर सोडलं की बसच्या खिडकीतून वास बदलतो. आधी डिझेलचा, मग ओल्या पानांचा, मग एकदम कापलेल्या भाताचा. मुक्ता कानात वायर घालून बसली होती, तिनं एक कान मोकळा केला आणि म्हणाली, "आई, हा कसला वास?" मी म्हटलं, "हा सुगीचा." तिनं दुसराही कान मोकळा केला. बरं वाटलं मला.

शिवारात आता माळे मोजकेच राहिलेत. कुणी सौरऊर्जेचं कुंपण घातलंय, कुणी नुसताच वैतागून सोडून दिलंय. पण कापणी अजून तशीच चालते. आज याच्या शेतात सगळे, उद्या त्याच्या शेतात सगळे. रविवारी नाग्याच्या शेताची पाळी होती, अगदी अक्काच्या ओट्याखालच्या. तिथून रानाच्या कडेपर्यंत माणसं विळे घेऊन पसरलेली. त्यातली निम्मी माझ्या वेळची माळ्यांवरची पोरं, आता पोटं सुटलेली, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेली.

अक्कानं मुक्ताचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, खूप वेळ बघितलं, पेजेचं भांडं पुढं केलं. शब्द नाही. गळ्यावरची खूण पदरानं झाकलेली. मी आधी समजुतीनं घेतलं. मग माझा स्वभाव उसळला.

"अक्का, किती दिवस तोंडाला कुलूप घालून बसणार आहेस? डॉक्टरांनी काय सांगितलंय? बसलेला आवाज मग उठायचा नाही."

तिनं गोठ्याकडं बोट दाखवलं.

"गाय खुळी आहे!" मी ओरडले. "गाईचं काय ऐकतेस?"

ती हसली, पण तोंड मिटूनच. आणि मग तिनं माझा हात धरून हळूच दाबला, म्हणजे पुरे आता. मी आत जाऊन विनाकारण भांडी घासली. मला भीती वाटत होती. ही अशीच गप्प राहील, एक दिवस आपणही तिचा आवाज कसा होता ते विसरू, ही भीती.

चारच्या सुमाराला सिनेमा लागला. शेजारपाजारची पोरं ओट्यावरून आत शिरली, अक्का मात्र आपल्या जुन्या जागी, खिडकीबाहेर. अंगणात भात वाळत होतं, कोंबड्या टपून होत्या. मी दारात उभी राहिले, अर्धी आत, अर्धी बाहेर.

सिनेमाचं नाग्याला मी सकाळीच सांगून ठेवलं होतं. खालून त्याचा आवाज आला, "काय झालं गे वर?"

"थोरला आला!" मी ओरडले. घशातून आवाज निघताना मला माझंच हसू आलं. किती वर्षांनी असं ओरडत होते!

खरंच सुंदर काढला होता सिनेमा. थोरला आला तो जुन्या, जरा ओबडधोबड चित्रांतला, जसाच्या तसा, लाल कांबळीसकट. त्याला कुणी नवा, चकचकीत केला नव्हता. मधला आला, धाकटा आला, आणि आम्ही कधीही न बघितलेली कितीतरी भावंडं आली, त्यात एक मुलगीही. कुणाला एकमेकांची ओळख नाही, सगळे आपापल्या लढाईत. कुठल्या देशात, कुठल्या खोलीत बसून कुणी ही चित्रं काढली मला माहीत नाही. त्यांना जोयडा हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्यांनी थोरल्याच्या कपाळावर जुन्या मालिकेत असायची ती एक आठी तशीच ठेवली होती. मला त्यांना मनापासून धन्यवाद द्यावेसे वाटले. आमच्या गावात धन्यवाद कुणी म्हणत नाही, 'लई बेस केलंस बघ' म्हणतात. तेच म्हणते. लई बेस केलंत, बाबांनो. परसूमामा, तुम्हीही लई बेस केलंत, ट्रंक आणली नाहीत ते.

मग ते तिघं, तीन वेगवेगळ्या वाटांनी, एका बंद दारापाशी येऊन पोचले. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. थोरल्यानं दाराला हात लावला.

आणि लाईट गेली.

"अय्यो!" आतली सगळी पोरं एकदम ओरडली. मुक्ता माझ्याकडं बघायला लागली, जणू मीच बटण दाबलंय. मला हसावं की रडावं कळेना. मोबाईलला टॉवर नाही, लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. दारामागं काय होतं ते मी अजूनही बघितलेलं नाही. मुक्ता म्हणते आता मोबाईलवर लाव ना, दोन मिनिटांचं काम आहे. मी लावत नाही.

"काय झालं गे?" खालून नाग्या.

"लाईट गेली!"

शिवारात हशा पिकला. विळे थांबले. मग हसू ओसरलं, आणि नाग्यानं कमरेवर हात ठेवून वर ओट्याकडं बघितलं. मला नाही, तिला. आणि त्यानं त्या जुन्याच सुरात हाळी दिली.

"अक्काऽऽ, पुढं काय झालं?"

त्याच्या पलीकडच्यानं ती उचलली. कुणी सांगितलं नव्हतं, पण उचलली. "पुढं काय झालंऽऽ?" त्याच्या पलीकडं, त्याच्याही पलीकडं. रानाच्या कडेपर्यंत ती गेली आणि मग शांत झालं. एवढं मोठं शिवार ओट्याकडं तोंड करून उभं होतं. हाळी आता अक्कापाशी होती.

तिचा हात गळ्यावरच्या पदराशी गेला. ती माझ्याकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यांत मी कधी बघितली नव्हती अशी भीती होती. देवा, हिच्यापाशी पडू देऊ नको, एवढंच मी मनात म्हणत राहिले.

अक्कानं मुक्ताला खूण करून जवळ बोलावलं. मुक्ता तिच्या गुडघ्याशी बसली. अक्कानं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. मुक्तानं वर बघितलं.

"आई, मावशी म्हणते की दार…"

"मला काय सांगतेस? ओरड!"

"ओरडू?"

"खाली बघून ओरड!"

माझ्या लेकीनं, जिला मैत्रिणींसमोर माझ्या गावाकडच्या बोलण्याची लाज वाटते तिनं, ओट्याच्या कडेला येऊन पोटातून आवाज काढला. "दार उघडलंऽऽ!"

मी उचललं. "दार उघडलं रेऽऽ!" नाग्यानं माझ्याकडून घेतलं आणि पुढं गेलं, "दार उघडलंऽऽ!"

पुन्हा कानाशी कुजबुज. तिघांनी कांबळ्या खुंटीला लावल्या. गेलं पुढं. आईनं तिघांकडं बघितलं, आधी कुणाला हात लावू तिला कळंना झालं. हे मी नाग्याला दिलं, आणि त्याला पुढं द्यायला जरा वेळ लागला. पण त्यानं पडू दिलं नाही. आईनं हातपाय धुवायला पाणी दिलं. आईनं ताटं मांडली. तिन्हीच्या तिन्ही. एकबी उचलून ठेवलं न्हाई.

मला आता हळूहळू ऐकू यायला लागलं होतं. अक्काचे ओठ मुक्ताच्या कानापासून थोडे लांब आले होते. फाटका, घोगरा, मध्येच विरून जाणारा आवाज. पहिला नव्हता. पण बोलण्याची ढब तीच होती. शब्दाआधीचा तो श्वासही तोच होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि खुशाल रडले. मुक्तानं बघितलं, पण कुसळाचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात रानाच्या कडेकडून उलटा सवाल निघाला. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात येत येत तो नाग्यापाशी आला. त्यानं वर बघून ओरडून सांगितलं, "अक्का, तिकडचे इचारतेत, आईनं जेवाय काय केलंय?"

मुक्तानं कान पुढं केला. अक्कानं तिला हातानं थोडं बाजूला सारलं. मशीनला धरून ती उभी राहिली, एक श्वास घेतला, आणि ओरडली.

"नव्या तांदळाचा भात!"

अंगणाच्या कुंपणापर्यंत पोचला असेल, त्याच्यापुढं नाही. मी तो उचलला. नाग्यानं विळा खाली ठेवला, दोन्ही हात तोंडाशी धरून माझ्याकडून घेतला, आणि नव्या तांदळाचा भात रानाच्या कडेपर्यंत गेला.